मिस्त्रींचा अंगठा

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर आईवडिलांनंतर मी मिस्त्रींचं नाव घेतो. त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण ते कोणी वापरत नसे. खालापूरला एसटी स्टँडच्या मागे त्यांचं दुकान. शेतातले पंप, मळणी यंत्रं, गवत कापायची मशीन आणि आमच्या धरणातल्या बोटीची मोटर, या सगळ्यांचे ते मिस्त्री.

मोटर समोर आली की ते चष्मा काढून खिशात ठेवत, उजवा अंगठा पँटीला नीट पुसत आणि म्हणत, "थांब रं. आदी बोटाला विचारू."

मग प्लग काढायचा, त्या भोकावर अंगठा दाबून धरायचा आणि दुसऱ्या हाताने सुरू करायची दोरी ओढायची. पिस्टन वर येतो, आतली हवा दाबली जाते आणि अंगठा ढकलते. किती जोरात ढकलते त्यावर मोटरीची तब्येत. हवा कुठून तरी निसटत असेल तर मोटर सुरू होते, आवाजही करते, पण ओझं ओढत नाही. यालाच कॉम्प्रेशन कमी होणं म्हणतात. तुम्हीही एखाद्या गॅरेजात असा अंगठा लावणारा माणूस पाहिला असेल. आमच्या मिस्त्रींचा अंगठा मात्र आकडा सांगायचा.

मी बी.एस्सी. होऊन कर्जत तालुक्यातल्या एका छोट्या धरणावर कामाला लागलो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. वडील चौथीपर्यंत शिकलेले, भातशेती करणारे. धरणाच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याला एक वाडी आहे. पाणी भरलं की वाडीचा रस्ता बुडतो आणि कडेने चालत यायला अर्धा दिवस जातो. एका संस्थेने वाडीसाठी बोट दिली होती, आणि तिच्या मागे टांगलेली दोन सिलिंडरची मोटर. मोटर जुनी, कोणीतरी वापरून दिलेली. कंपनीचं नावही तिच्यावरून निघून गेलेलं. मी त्या बोटीचा सुपरवायझर. पगार, एक टेबल, एक नोंदवही. बोट चालवायला वाडीतलाच चंदर होता.

पहिल्याच आठवड्यात मोटर सुरू होईना. मी आणि चंदरने आलटून पालटून दोरी ओढली. हात भरून आले. मिस्त्री टेंपोतून उतरले, काठावर बसून शांतपणे आमच्याकडे बघत राहिले.

"बीएस्सीत दोरी वडायला नाय शिकवत?" त्यांनी विचारलं.

"केमिस्ट्री होती," मी म्हटलं.

"मंग पेट्रोलचा कॉक उघडायला तरी शिकवायचं."

कॉक बंद होता. चंदर हसला नाही, म्हणून मला जास्त लाज वाटली. मिस्त्रींनी मात्र ती गोष्ट बोटीचं काम बघणाऱ्या संस्थेच्या बाईंना कधीच सांगितली नाही. त्या दिवसापासून त्यांनी मला 'बीएस्सी' म्हणायला सुरुवात केली आणि महिन्यातून एकदा यायचं ते दोनदा येऊ लागले.

आमचं जमलं ते एका पुस्तकामुळे. मोटरीबरोबर एक इंग्रजी माहितीपुस्तक आलं होतं. मिस्त्री सातवी शिकलेले. इंग्रजीतले आकडे वाचायचे, बाकी नाही. पुस्तक कपड्यात गुंडाळून ठेवलेलं होतं. "तू वाच, मी करतो," ते म्हणाले. मी एकेक वाक्य वाचून मराठीत सांगायचो, ते ऐकत ऐकत नट उघडायचे. मधेच थांबून म्हणायचे, "हे लिवणाऱ्याला काम येतंय." कधी म्हणायचे, "इथं यानं आळस केलाय." आणि खरोखरच तिथे पुस्तकात एक पायरी गाळलेली असायची. चार वर्षांत मी ते पुस्तक पाठ केलं आणि त्यांचे हात बघून शिकलो. आज मी मोहोपाड्याजवळच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. मुलाखतीत मला पंप उघडायला सांगितलं तेव्हा मी नकळत अंगठा पँटीला पुसला होता.

पुस्तकात वाचूनच मी संस्थेकडून कॉम्प्रेशन मोजायचा गेज मागवून घेतला. प्लगच्या जागी बसवायचा, दोरी चार-पाच वेळा ओढायची आणि दाब किती पौंड ते काट्यावर बघायचं. मिस्त्रींनी तो उलटसुलट करून पाहिला. "घड्याळ चांगलं हाय. पण याला येळ कोन सांगनार?"

मग खेळच सुरू झाला. मिस्त्री अंगठा लावून आकडा सांगायचे, मी गेज लावायचो. "एकशेधा." काटा एकशे दहावर. "याचं एकशेपाच." काटा एकशे पाचच्या जरा पुढे. चुकले तर मिस्त्रींनी चहा पाजायचा, बरोबर आले तर मी. चार वर्षांत त्यांनी मला दोनदा चहा पाजला, त्यातल्या एकदा माझा वाढदिवस होता.

कळंबकडच्या एका रिसॉर्टवाल्याची मोटर अशीच आणली होती. मुंबईहून आलेल्या माणसाने कार्बोरेटर बदलला, प्लग बदलले, तरी बोट चार माणसं घेतली की रांगायची. मिस्त्रींनी अंगठा लावला आणि एका सिलिंडरपाशी थांबले. मला म्हणाले, "चमचाभर तेल आन." प्लगच्या भोकातून त्यांनी तेल आत सोडलं, दोरी दोनदा ओढून तेल आत पसरू दिलं, मग गेज लावायला सांगितला. मघाशी सत्तरवर अडकलेला काटा पंचाण्णववर गेला.

"तेलानं फट भरली, म्हनून काटा चडला. म्हंजे पिस्टनच्या रिंगा गेल्यात," ते रिसॉर्टवाल्याला म्हणाले. "तेल पाजून बी चडला नसता, तर पॅकिंग नायतर पिस्टन बघितला असता. तुमच्या मानसानं औषध दिलं, पन नाडी कोनी बगायची?"

रिसॉर्टवाल्याने विचारलं, "सरळ बदलून टाकू का मोटर?"

"बायको आजारी पडली तर बदलता का?" मिस्त्री म्हणाले. शेजारी त्या गृहस्थांची बायको उभी होती. ती इतकी हसली की रिसॉर्टवाल्याने रिंगा मागवल्या.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मिस्त्रींचा डावा खांदा धरला. हात वर जाईना. म्हणून दोरी ओढायचं काम माझ्याकडे आलं. मी दोरी ओढायची, ते अंगठा लावायचे. मला त्यात अभिमानच वाटला. एवढ्या वर्षांनी मिस्त्रींनी कोणाला तरी दोरी दिली होती.

श्रावणात ते मोटर बघायला आले. काठावर वाडीतल्या बायका बाजाराला जायला उभ्या होत्या. चंदरची तक्रार होती की बोट भरली की मोटर दमते. ठिणगी पडू नये म्हणून मी मोटर बंद ठेवणारी लाल चिमटी काढली आणि दोरी ओढली. मिस्त्रींनी एकावर अंगठा ठेवला, मग दुसऱ्यावर.

"दोनी सारके. एकशेधा धर. प्लग बदल, जाईल."

ते गेल्यावर मी सहज म्हणून गेज लावला. वरच्या सिलिंडरला एकशे दहा. खालच्याला पंच्याऐंशी. मी पुन्हा ओढून पाहिलं. पंच्याऐंशीच.

दोन्हींत दहा-पंधराचा फरक चालतो, त्यापुढे मोटर उघडायची, हे मीच मिस्त्रींना वाचून दाखवलं होतं. पण आठवड्यापूर्वी गेज माझ्या हातून फरशीवर पडला होता. मी म्हटलं, गेज बिघडला. तेल घालून बघायला पाच मिनिटं लागली असती. मी ती दिली नाहीत. मिस्त्रींचा अंगठा तपासून बघणं मला पाप वाटलं. मी गेज पुसून ड्रॉवरमध्ये ठेवला आणि नोंदवहीत लिहिलं, 'दोन्ही सिलिंडर ठीक.' खाली माझी सही.

भाद्रपद संपता संपता, बाजाराच्या दिवशी, दुपारी आम्ही वाडीकडे परत निघालो. बोटीत अकरा बायका, मी आणि चंदर. जीव वाचवायची नारिंगी जॅकेटं होती, पण ती बायकांनी बसायला खाली घेतली होती आणि मीही काही बोललो नव्हतो. धरण काठोकाठ होतं, सांडव्यावरून जादा पाणी खाली कोसळत होतं. मधोमध आलो आणि मोटरीतून लोखंड लोखंडावर घासल्यासारखा आवाज आला. मग ती थांबली.

घाटावरून वारा सुटला होता. बोट आडवी झाली आणि सांडव्याकडे सरकू लागली. चंदरने एकुलतं वल्हं उचललं. मी दोरी ओढत होतो. ती अर्ध्यातच अडकत होती. सांडव्याचा आवाज आधी ऐकू येत नव्हता, मग तो येऊ लागला. कोणीच ओरडलं नाही.

बोटीत एक वयस्कर बाई होत्या. सगळे त्यांना मावशी म्हणत. त्या रानातून मोळ्या आणून विकायच्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ती दोरी सोड, बाबा. कामाची दोरी हिकडं हाय." मोळी बांधायची दोरी कमरेची सोडून त्यांनी तिचा फास केला. धरणात बुडालेल्या सागाची वाळकी खोडं पाण्यावर डोकं काढून उभी असतात. बोट त्यांतल्या शेवटच्या खोडाजवळून जात होती. पहिला फास पाण्यात पडला. दुसरा बसला. सगळ्या बायकांनी मिळून दोरी धरली आणि बोट वळून थांबली. सांडवा तिथून किती लांब होता ते मी सांगू शकत नाही, कारण मी तिकडे पाहिलंच नाही.

कोळ्यांच्या होडीने आम्हाला काठाला आणलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले. थंड झाल्यावर मोटरीची अडकलेली दोरी सुटली होती. पाण्याच्या पिंपात उभी करून चंदरने ती सुरू केली, तर ती एकाच सिलिंडरवर फडफडत चालली. मिस्त्रींनी ती चालू दिली, मग बंद करायला सांगितली. प्लग त्यांनी स्वतः काढले. मी दोरी ओढली, त्यांनी अंगठा लावला. एकदा वर, एकदा खाली. बराच वेळ लावून.

"वरचा गेलाय," ते म्हणाले. "वरच्यालाच गार करनारं पानी शेवटी पोचतं. तोच आदी तापतो."

मी गेज लावला. वरच्याला एकशे दहा. खालच्याला चाळीस.

मी चंदरकडे पाहिलं. चंदर पाण्याकडे बघू लागला. आकडा पटेना म्हणून मिस्त्रींनी प्लग परत बसवून मोटर पुन्हा चालवायला लावली, आणि बंद होताच वरचा प्लग स्वतः काढला. तेवढ्यात वास आला. मला वाटलं, पेट्रोलची चिंधी कुठे तरी जळते आहे. मिस्त्री उजव्या मुठीत काही तरी धरून उभे होते आणि मला पॅकिंगबद्दल सांगत होते. आताच काढलेला गरम प्लग त्यांनी मुठीत धरला होता.

मी त्यांची मूठ उघडली. प्लग खाली पडला, त्याला कातडी चिकटलेली होती. मिस्त्रींनी स्वतःच्या तळहाताकडे पाहिलं. तो हात दुसऱ्या कोणाचा तरी आहे आणि त्याला लागलंय याचं वाईट वाटतंय, असं ते बघत होते.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दोन पावसाळे झाले." त्यांनी हात पाण्यात बुडवला. "डाक्टर म्हनतो मानंतली शीर हाय. या हाताला काय कळत नाय. गरम नाय, गार नाय."

"मग आकडे? गेल्या वर्षी तुम्ही आकडे बरोबर सांगत होतात."

"ते अंगठ्यावरनं नाय रं. दोरी मी वडायचो ना. पिस्टन वर येताना दोरी किती जड होते, ते या डाव्या हाताला कळायचं. अंगठा नुसता ठेवायचा." त्यांनी हात पाण्यातून काढला. "मंग खांदा गेला."

म्हणजे मी ज्या दिवशी अभिमानाने दोरी हातात घेतली, त्या दिवसापासून मिस्त्रींकडे मोजायला काहीच उरलं नव्हतं. तरी ते महिन्यातून दोनदा येत होते, चष्मा काढत होते, अंगठा पुसत होते.

"सांगायचं ना," मी म्हटलं.

"काय सांगू? मिस्त्रीचा अंगठा मेला, असं?"

दोन दिवसांनी संस्थेच्या बाई आल्या. काठावर वाडी जमली होती. त्या अकरा बायका पुढे बसल्या होत्या. बाईंनी नोंदवही उघडली आणि साधाच प्रश्न विचारला, "श्रावणात मोटर कोणी तपासली?"

मी उभा राहिलो. तोंड उघडलं. नोंद माझी आहे, एवढंच म्हटलं. पुढचं वाक्य तयार होतं, की मला काटा दिसला होता. त्या वाक्याआधीच मिस्त्री उठले. हाताला फडकं बांधलेलं होतं. "पोरानं मी सांगितलं ते लिवलं. अंगठा माजा व्हता. या अंगठ्याला काय कळत नाय आणि मी बोललो कळतं," असं म्हणून त्यांनी तो फडक्यातला हात सगळ्यांना दाखवला.

मी ते वाक्य न बोलताच खाली बसलो. मला वाटलं, आता बोललो तर त्यांचं एवढं कबूल करणं वाया जाईल. असंच काही तरी मी स्वतःला सांगितलं. खरं कारण असं की मला भीती वाटली.

मिस्त्री कोणाकडे न बघता रस्त्याकडे चालू लागले. चंदर मोटारसायकल काढत होता, त्यालाही त्यांनी हातानेच नको म्हटलं.

त्यानंतर दुकानाचं शटर उघडलं नाही. ते मोहोपाड्याला मुलीकडे राहायला गेले, असं शेजारच्या पानवाल्याने सांगितलं. आसपासच्या गावांत जो तो म्हणू लागला की मिस्त्री आंधळेपणाने मोटरी पास करत होते. ज्यांचे पंप त्यांनी वीस-वीस वर्षं जगवले तेही म्हणू लागले. फोन बंद होता. मी मुलीच्या घरी गेलो. ती दारातच म्हणाली, "आबा झोपलेत." आतून खोकल्याचा आवाज आला. तिने मान खाली घातली. पुढे मला त्याच बाजूला नोकरी लागली, पण त्या दारात पुन्हा जायचं धाडस होत नव्हतं. म्हणून मी पत्र लिहिलं. ते असं:

मिस्त्रींना नमस्कार.

तुम्ही भेटत नाही म्हणून लिहितो. पूर्ण वाचा, ही विनंती.

श्रावणात तुम्ही गेल्यावर मी गेज लावला होता. खालच्याला पंच्याऐंशी आले. दोनदा ओढलं, दोन्ही वेळा तेवढेच. तरी मी 'ठीक' लिहिलं. तुमचा हात कामातून गेला होता, माझे डोळे चांगले होते. तुम्हाला कळलं नाही. मला कळलं होतं आणि मी ते पुसून टाकलं. त्या अकरा जणींना मी बोटीत बसवलं, तुम्ही नाही.

हे काठावर बोलायला हवं होतं. तुम्ही पुढे झालात आणि मी तुमच्या मागे लपलो.

परवा मी संस्थेच्या बाईंना सगळं लेखी कळवलं. गेज दुसरीकडे तपासून घेतला. तो बिघडलेला नव्हता. मग वाडीत जाऊन सगळ्यांसमोर सांगितलं. मावशी म्हणाल्या, "दोगंबी खोटं बोललात. एक बोटानं, एक पेनानं. त्याचं बोट मेलेलं तरी व्हतं." निघताना त्या म्हणाल्या, "मिस्तरीला सांग, वाडीतली पिठाची चक्की बंद हाय." चक्कीला कोणी तरी मिस्त्री पाहिजे म्हणून त्या बोलल्या, की झालं गेलं विसरून तुम्हालाच परत बोलावलं, ते मला कळलं नाही. मी आहे तसं कळवतो.

खालापूरच्या बाजारातही मी सांगत फिरतो आहे. काही जण ऐकतात, काही जणांना आधीचीच गोष्ट बरी वाटते. मी सांगायचं सोडणार नाही.

तुम्ही मला माफ करावं असं मी लिहीत नाही. एवढंच सांगायचं आहे की चूक वाटून घेताना तुम्ही माझा वाटाही उचलला आहे, तो मला परत द्या.

हाताची जखम कशी आहे, ते मुलीकडून दोन ओळी लिहून कळवा. दुखत नाही म्हणजे भरली, असं समजू नका. त्या हाताला कळणार नाही. रोज सकाळी उजेडात धरून डोळ्यांनी बघत जा.

तुमचा,
बीएस्सी